अस्वामिक दृष्टी, अशरीरी आवाज : भयपटातील ताणाची रचना

१

भयानक रसाची चर्चा करताना आपल्याकडील समीक्षा बहुधा आलंबन विभावापाशी थांबते. भूत, पिशाच, ओसाड वाडा, स्मशान, हिंस्र श्वापद ही भयाची कारणे मोजून झाली आणि कंप, स्वेद, वैवर्ण्य हे अनुभाव सांगून झाले, की भयाचा विचार पुरा झाला असे गृहीत धरले जाते. हीच सवय भयपटांच्या विचारातही उतरली आहे. या चित्रपटात चेटकीण आहे, त्यात वेडा खुनी आहे, तिसऱ्यात शापित हवेली आहे, अशी विषयवार वर्गवारी केली जाते आणि तीवरून चित्रपटप्रकाराचे मूल्यही ठरवले जाते. विषय हीन, म्हणून प्रकार हीन.

या विचारपद्धतीतील अडचण साधी आहे. एकच आलंबन एका चित्रपटात प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवते आणि दुसऱ्यात हसू आणते. आलंबन तेच असताना परिणाम उलट होत असेल, तर परिणामाचे कारण आलंबनात नाही. ते रचनेत शोधावे लागेल. भयपटाच्या बाबतीत ही रचना मुख्यतः दोन गोष्टींनी सिद्ध होते : कॅमेरा कोठून आणि कोणाच्या वतीने पाहतो ही एक, आणि जे ऐकू येते ते कोणाचे आहे ही दुसरी.

प्रस्तुत लेखात मांडायचा मुद्दा असा : भयपटातील ताण भयावह वस्तूच्या दर्शनातून निर्माण होत नाही, पडद्यावर चाललेले पाहणे आणि ऐकू येणारा आवाज यांचा स्वामी अनिश्चित ठेवण्यातून तो निर्माण होतो. धर्मशास्त्रात ज्या वस्तूचा धनी ठरलेला नाही तिला ‘अस्वामिक’ म्हणतात. तोच शब्द येथे दृष्टीला आणि आवाजाला लावला आहे. ‘कोण पाहते?’ आणि ‘कोण बोलते?’ हे दोन प्रश्न जेरार जेनेतच्या कथनमीमांसेमुळे कथात्म साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. भयपट हेच प्रश्न अभ्यासकाच्या टेबलावरून उचलतो आणि प्रेक्षकाच्या अंगावर सोडतो.

२

प्रथम एक भेद स्पष्ट करायला हवा. दचका आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांततेत एकाएकी मोठा आवाज झाला तर माणूस दचकतो. ती शरीराची प्रतिक्रिया आहे. तिला कलेची गरज नाही. ताण मात्र काळात बांधावा लागतो. फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या आणि १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संवादात आल्फ्रेड हिचकॉकने टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण दिले आहे. बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या क्षणी काही सेकंदांचे आश्चर्य मिळते. ठाऊक असेल तर टेबलाभोवतीच्या अगदी सामान्य गप्पाही असह्य होतात. हिचकॉकच्या मते ताण हा माहितीच्या वाटपाचा प्रश्न आहे.

हे विवेचन रहस्यपटाला किंवा थरारपटाला पुरेसे आहे. भयपटाला ते अपुरे पडते. टेबलाखालचा बाँब कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असते; त्याची वेळही ठाऊक असू शकते. भयपटात मात्र ‘काहीतरी आहे’ एवढीच माहिती असते आणि ते ‘काहीतरी’ चौकटीच्या आत आहे की बाहेर, समोर आहे की आपण ज्या जागेवरून पाहत आहोत तेथेच उभे आहे, याची खात्री नसते. थरारपटात प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते. भयपटात आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणाच्या डोळ्यांनी ठाऊक झाले, हेच त्याला ठाऊक नसते.

स्वतः हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) या दोन्हींच्या सीमेवर उभा आहे. गुप्तहेर आरबोगास्ट जिना चढत असतो, तेव्हा कॅमेरा एकाएकी छतालगत जातो आणि खालचे सर्व उभ्या उंचीवरून दाखवतो. आईचा चेहरा दिसू नये आणि तो लपवला जात आहे असेही वाटू नये, म्हणून कॅमेरा तेथे नेला, असे हिचकॉकने त्याच संवादात सांगितले आहे. कारण तांत्रिक आहे. परिणाम मात्र तेवढाच नाही. त्या उंचीवर कोणतेही पात्र असू शकत नाही. आतापर्यंत पात्रांच्या आगेमागे वावरणारी दृष्टी एका क्षणात कोणाचीच नसलेली होते. पाठोपाठ बर्नार्ड हरमनच्या तंतुवाद्यांचा कर्कश आघात येतो. दचका त्या आघाताचा असतो. ताण मात्र आघातापूर्वीच, कॅमेरा वर गेला तेव्हाच, सिद्ध झालेला असतो.

३

येथे नाट्यशास्त्राकडे वळण्याचे कारण केवळ परंपरेचा आदर हे नाही. भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने विकृत आवाज प्रथम सांगितला आहे. सत्त्वांचे म्हणजे पिशाचादींचे दर्शन त्यानंतर येते, आणि पुढे कोल्ह्या-घुबडांची भीती, शून्य गृह, अरण्य यांचा उल्लेख होतो. यादीतील क्रमाला फार महत्त्व देऊ नये हे खरे. तरीही भयात ऐकणे पाहण्याच्या आधी येते, ही गोष्ट रंगभूमीच्या जाणत्याला ठाऊक होती असे म्हणायला हरकत नाही.

अधिक महत्त्वाचा आहे तो अभिनवगुप्त. ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीचे स्वरूप सांगताना त्याने ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचा श्लोक उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचे म्हणणे असे, की या श्लोकाच्या आस्वादात ‘मी भ्यालो’, ‘हा भ्याला’, ‘शत्रू भ्याला’, ‘मित्र भ्याला’ असे कोणतेच रूप भयाला उरत नाही. ते हरीण विशिष्ट हरीण राहत नाही, त्याला भिवविणाराही वास्तव राहत नाही; देश आणि काळ यांचा स्पर्श नसलेले केवळ भय जणू डोळ्यांपुढे उभे राहते. भय स्वतःचे आहे की परक्याचे, हा निर्णय गळून पडणे ही साधारणीकरणाची अट आहे. तो निर्णय अडकून राहिला तर ते रसविघ्न ठरते.

भयाला स्वामी नसणे हा विचार, म्हणजे, आपल्या साहित्यशास्त्रात हजार वर्षांपूर्वीच आला आहे. पण या उदाहरणातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. हा श्लोक दुष्यंताच्या तोंडचा आहे. मान वळवून मागे पाहणारे हरीण ज्याच्याकडे पाहत आहे, तोच हे वर्णन करीत आहे. ज्याच्या डोळ्यांनी आपण त्या भयाचे सौंदर्य पाहतो, तो धनुष्य घेतलेला शिकारी आहे. अभिनवगुप्ताला भिवविणाऱ्याचे अवास्तवत्व हवे आहे, म्हणून तो त्याला प्रतीतीच्या बाहेर ठेवतो. भयपट नेमके उलट करतो. तो भिवविणाऱ्याला बाहेर ठेवीत नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या जागी आणून बसवतो.

४

जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) या चित्रपटाचा आरंभ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. साधारण चार मिनिटांचे, अखंड भासणारे एक दृश्य. कॅमेरा रात्रीच्या अंधारात एका घराकडे सरकतो, खिडकीतून एका युगुलाला पाहतो, घराला वळसा घालून स्वयंपाकघरात शिरतो. एक हात चौकटीत येतो आणि खणातून सुरी उचलतो. जिना चढताना मुखवटा उचलला जातो, तो डोळ्यांवर येतो आणि पडदा दोन छिद्रांएवढा होतो. आता श्वासही ऐकू येऊ लागतो. आरशासमोर बसलेल्या तरुणीचा खून होतो. जिना उतरून आपण अंगणात येतो. कोणीतरी मुखवटा काढते. आणि पहिल्यांदाच कॅमेरा समोरून पाहतो : हातात सुरी घेतलेला, विदूषकाच्या पोशाखातील सहा वर्षांचा मुलगा.

या दृश्याची चर्चा बहुधा त्याच्या शेवटच्या धक्क्यावर केंद्रित होते. रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याआधीचे. पहिल्या काही क्षणांत सरकणारा कॅमेरा आपण नेहमीचा, तटस्थ निवेदकाचा मानतो. हात चौकटीत येताच कळते, की ही दृष्टी कोणाची तरी आहे. श्वास ऐकू येताच ती एका शरीरात बंद होते. मात्र ते शरीर कोणाचे, हे दृश्य संपेपर्यंत कळत नाही. म्हणजे जे घडते त्याचा कर्ता अज्ञात आहे आणि पाहणारे आपण आहोत. (पडद्यावर दिसणारा तो हात प्रत्यक्षात त्या मुलाचे काम करणाऱ्याचा नसून निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिल हिचा होता, ही माहिती केवळ गमतीची नाही, ही दृष्टी किती जणांच्या अवयवांनी जोडलेली असते याची ती खूण आहे.)

या आरंभाने चित्रपटाचे पुढचे सारे व्याकरण बदलते. एकदा फसलेला प्रेक्षक यापुढे कोणत्याही चौकटीला तटस्थ मानू शकत नाही. लॉरी ही नायिका दिवसाढवळ्या त्या ओसाड घराच्या दारात किल्ली ठेवायला येते, तेव्हा आपण तिला घराच्या आतून, दाराच्या काचेतून पाहतो. कॅमेरा आत आहे एवढेच दिसते. काही क्षणांनी ती पाठमोरी रस्त्याने चालू लागते आणि चौकटीच्या कडेने एक काळा खांदा आत सरकतो. श्वास ऐकू येतो. म्हणजे ज्या जागेवरून आपण पाहत होतो त्या जागेच्या अगदी शेजारी तो उभा होता. भयंकर असे काहीही दाखवलेले नाही. मुलगी रस्त्याने चालली आहे, ऊन आहे. पाहण्याची जागा तेवढी दूषित झाली आहे.

पार्श्वसंगीताचे कार्यही याच अंगाने समजून घ्यावे लागते. कारपेंटरने स्वतः रचलेली पियानोची धून पाच मात्रांच्या आवर्तनात फिरते. चार मात्रांची सवय असलेल्या पाश्चात्त्य कानाला त्या आवर्तनात प्रत्येक वेळी एक पाऊल जास्त पडल्यासारखे वाटते. संगीत कोठेच टेकत नाही. संगीत नसलेली प्रत पाहिलेल्या एका चित्रसंस्थेतील व्यक्तीला चित्रपट मुळीच भीतिदायक वाटला नव्हता, असे कारपेंटरने सांगितले आहे. ही हकिकत ध्वनीचे माहात्म्य सांगते, पण कारण सांगत नाही. कारण असे, की संगीताला कथेच्या जगात स्वामी नसतो. ते कोणी वाजवत नाही, कोणा पात्राला ते ऐकू येत नाही. तरीही चौकटीत काहीही नसताना ते सुरू होते, तेव्हा कोणालातरी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे असे वाटू लागते.

कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासिकेने १९९२ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की या चित्रपटांत प्रेक्षकाचे तादात्म्य खुन्यापाशी सुरू झाले तरी शेवटी वाचणाऱ्या मुलीपाशी येऊन ठरते. निरीक्षण योग्य आहे. परंतु तादात्म्य एकाकडून दुसरीकडे जाते, एवढे म्हटल्याने ताणाचा उलगडा होत नाही. ताण आहे तो मधल्या प्रदेशात, जेथे दृष्टी एकाची सुटलेली असते आणि दुसरीची झालेली नसते.

५

आवाजाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसते. कारण डोळ्याला चौकट असते, कानाला नसते. चौकटीबाहेरचे दिसत नाही, पण ऐकू येते. मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ मध्ये चित्रपटातील आवाजावर लिहिलेल्या ग्रंथात, ज्याचे उगमस्थान दिसत नाही अशा बोलणाऱ्याला ‘अकूझमेत्र’ हे नाव दिले. पडद्याआडून बोलणाऱ्या पायथागोरसाच्या शिष्यांसंबंधीच्या आख्यायिकेतून ते आले आहे. असा आवाज सर्वत्र असल्यासारखा, सर्व पाहत असल्यासारखा वाटतो. त्याला शरीर मिळाले, तोंड दिसले, की त्याची सत्ता संपते. आपल्या पुराणांना ही कल्पना नवी नाही. कंसाला रथ हाकताना ऐकू आलेली आकाशवाणी अशरीरीच होती, आणि तिला शरीर नव्हते म्हणूनच तिच्यावर शस्त्र चालवता येत नव्हते.

‘सायको’तील आईचा आवाज हे शियाँने घेतलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. हा आवाज आपल्याला सतत ऐकू येतो. त्याला शरीर मिळावे म्हणून चित्रपटभर आपण वाट पाहतो. तळघरात शरीर मिळते, पण ते मृत आहे. शेवटी आवाज पुन्हा येतो, तो मुलाच्या मिटलेल्या ओठांवर. तो एका व्यक्तीचा नव्हताच. एका पुरुषाचे आणि दोन स्त्रियांचे आवाज मिसळून तो सिद्ध केला होता.

याहून साधे, आणि म्हणून अधिक बोधप्रद, उदाहरण झाक तुर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’ (१९४२) या चित्रपटातले आहे. निर्माता व्हॅल ल्यूटनला तुटपुंज्या खर्चात काम करायचे होते. रात्री उद्यानाच्या भिंतीलगतच्या रस्त्याने ॲलिस चालली आहे; मागे आयरीना आहे. दिव्यांखाली प्रकाशाची वर्तुळे आहेत, मधे अंधार. संगीत नाही. दोन स्त्रियांच्या टाचांचे आवाज आळीपाळीने ऐकू येतात. मग एका क्षणी मागची पावले थांबतात. ती का थांबली, चालणारी कोठे गेली, हे दाखवले जात नाही. फक्त एकच पाऊल ऐकू येत राहते. ॲलिस वळून पाहते, घाबरून धावू लागते. श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज होतो आणि चौकटीत बस येऊन थांबते. तो ब्रेकचा आवाज होता.

बसच्या त्या क्षणाला चित्रपटव्यवसायात निर्मात्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि पुढे हजारो चित्रपटांनी तो उसना घेतला. उसना घेणाऱ्यांनी बहुधा बस घेतली आणि थांबलेली पावले सोडून दिली. वस्तुतः सारी रचना त्या पावलांत आहे. चालत्या पावलांना स्वामिनी होती, शांततेला नाही. आयरीना पावलांत होती तोवर ती एके ठिकाणी होती. पावले थांबताच ती कोठेही असू शकते. फुत्काराला शेवटी बस हा स्वामी मिळतो, पण तो खरा नव्हे, याची जाणीव प्रेक्षकाला असते. म्हणून दचका ओसरला तरी ताण ओसरत नाही.

हिंदी चित्रपटातील एक उदाहरण येथे अपरिहार्य आहे. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) रूढ अर्थाने भयपट नाही. तरी ओसाड वाड्यात ऐकू येणाऱ्या गाण्याने त्यात जो ताण निर्माण होतो, तो नेमका याच जातीचा आहे. नायक आवाजाचा माग काढीत फिरतो. आवाज दुरून येतो, जवळ येतो, गाणारी दिसते आणि नाहीशी होते. खेमचंद प्रकाश यांच्या त्या रचनेच्या आरंभीच्या तालमुक्त ओळी ध्वनिमुद्रित करताना आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मधल्या ध्वनिक्षेपकाकडे चालत आलो, असे लता मंगेशकर यांनी सांगितले आहे. म्हणजे आवाजाचे अंतर हेच येथे कथानक झाले आहे. पुढे ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले गेले ते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे. आकाशवाणीवर गाणे ऐकणारे श्रोते गाणारी कोण हे विचारू लागले. चित्रपटाबाहेरही तो आवाज काही काळ अशरीरीच राहिला. चित्रपटात मात्र शेवटाकडे कामिनी ही हाडामांसाची मुलगी असल्याचा खुलासा होतो. आवाजाला धनीण मिळते, आणि उरते ती एक शोकान्त प्रेमकथा. खुलाशाने चित्रपट बिघडतो असे नाही. पण ताण तेथे संपतो हे निश्चित.

६

दृष्टी आणि आवाज या दोहोंचे स्वामित्व शेवटपर्यंत अनिर्णित ठेवले तर काय होते? याचे उत्तर जॅक क्लेटनच्या ‘दी इनोसंट्स’ (१९६१) या चित्रपटात मिळते. त्याचा आधार हेन्री जेम्सची ‘दी टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) ही दीर्घकथा. एका श्रीमंत गृहस्थाच्या दोन अनाथ पुतण्यांना, माइल्स आणि फ्लोरा यांना, शिकवण्यासाठी एक तरुणी ग्रामीण भागातील मोठ्या घरात येते. मेलेला नोकर क्विंट आणि मेलेली पूर्वीची शिक्षिका मिस जेसेल यांची भुते तिला दिसू लागतात. ती मुलांना झपाटत आहेत असा तिचा समज होतो. भुते खरी की ती तिच्या दडपलेल्या मनाची निर्मिती, हा वाद एडमंड विल्सनने १९३४ मध्ये दुसऱ्या बाजूने मांडला, आणि तो अद्याप संपलेला नाही.

कथेत हा संदेह टिकतो तो प्रथमपुरुषी निवेदनामुळे. आपल्याजवळ शिक्षिकेचे हस्तलिखित आहे, दुसरे काही नाही. चित्रपटाला ही सोय नाही. कॅमेऱ्याने भूत दाखवले की ते ‘आहे’ असे मानण्याकडे प्रेक्षकाचा कल असतो. दाखवले नाही, तर ती वेडी ठरते. क्लेटनने तिसरा मार्ग काढला. भुते दाखवली जातात, पण अनेकदा आधी शिक्षिकेचा भयचकित चेहरा दिसतो आणि मग तिने पाहिलेले. नेहमीच्या संकलनात कारण आधी आणि प्रतिक्रिया नंतर येते; येथे प्रतिक्रिया आधी आल्यामुळे दृश्य चेहऱ्यातून उगवल्यासारखे वाटते. ते तिच्या समोरचे आहे की तिच्या आतले, हे चौकट सांगत नाही. तळ्यापलीकडील वेतांत दिवसाच्या उजेडात उभी असलेली काळ्या वस्त्रांतील स्त्री आपण स्पष्ट पाहतो, आणि तिच्या स्पष्टपणानेच अस्वस्थ होतो.

छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळोखात जाव्यात म्हणून भिंगापुढील काचा हाताने रंगवल्या होत्या. रुंद पडदा ही चित्रसंस्थेची अट होती. दिग्दर्शकाला तो नको होता. त्या अडचणीतून निघालेला हा उपाय आशयाचा भाग झाला. चौकटीच्या मध्यभागी प्रकाश आहे आणि कडांवर अंधार. प्रेक्षकाची नजर सतत कडांकडे ओढली जाते. काही असेल तर ते तेथे असेल. म्हणजे शिक्षिकेचा संशयी स्वभाव प्रेक्षकाच्या डोळ्यांत उतरवण्याचे काम कडांच्या काळोखाने केले आहे.

ध्वनीचे काम याला पूरक आहे. चित्रपट सुरू होतो तो पूर्ण काळ्या पडद्यावर. एका कोवळ्या आवाजात गाणे ऐकू येते. गाणारे कोणी दिसत नाही. तीच चाल पुढे फ्लोरा गुणगुणते, वाद्यपेटीतून ऐकू येते. एकाच सुराचे धनी बदलत जातात. मूळ धनी कोण, हे कळत नाही. बागेतील दृश्यात पक्ष्यांचा किलबिलाट चालू असतो. दगडी बालमूर्तीच्या तोंडातून एक किडा बाहेर येतो. आणि एकाएकी सारे आवाज थांबतात. तिची मान वर जाते. बुरुजावर, उन्हाच्या तिरपीत, एक आकृती. आवाज परत येतात तेव्हा काही घडून गेलेले असते. ही शांतता बागेत पसरली की तिच्या कानांत? कॅमेरा दृष्टीला जो प्रश्न विचारतो, तोच ध्वनी श्रवणाला विचारतो.

आणखी एक तपशील. शाळेच्या खोलीत रडत बसलेली मिस जेसेल नाहीशी झाल्यावर पाटीवर एक अश्रू उरतो. शिक्षिका त्याला बोट लावते. जेम्सच्या कथेत हा अश्रू नाही. हा पुरावा आहे असे वाटते. पण त्याला साक्षी तिचेच बोट आहे. रॉबर्ट वाइजच्या ‘दी हॉन्टिंग’ (१९६३) मध्ये हीच युक्ती टोकाला नेली आहे. शर्ली जॅक्सनच्या १९५९ च्या कादंबरीवरील या चित्रपटात भूत कधीच दिसत नाही. काळोखात भिंतीपलीकडून पुटपुट आणि मुलाचे रडणे ऐकू येते. कॅमेरा भिंतीवरील नक्षीवर खिळलेला असतो. एलिनॉर शेजारच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून असते. दिवा लागतो, आणि मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या बाजूला असते. दृष्टी आणि आवाज यांच्याबरोबर येथे स्पर्शही अस्वामिक झाला आहे.

‘दी इनोसंट्स’च्या शेवटी माइल्स मरतो. त्याला भुताच्या तावडीतून सोडवले असे शिक्षिकेला वाटते. कदाचित तिच्या संरक्षणानेच त्याचा जीव घेतला. आपण कोणत्या बाजूने पाहत होतो, हा प्रश्न येथे नैतिक होतो. तिच्या नजरेवर विश्वास ठेवला असेल, तर एका मुलाच्या छळाला आपण दीड तास साथ दिली. न ठेवला असेल, तर जे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसले ते नाकारावे लागते. चित्रपट दोन्ही वाटा खुल्या ठेवतो आणि एकीवरही पाऊल टाकू देत नाही.

७

आता अभिनवगुप्ताकडे परत जाता येईल. त्याच्या मते भय अस्वामिक झाले की विघ्न दूर होते आणि संविद् विश्रांत होते. भयपटातही भय अस्वामिक होते, पण विश्रांती मिळत नाही. कारण तेथे स्वामित्वाचा प्रश्न गळून पडलेला नसतो, तो उत्तराविना चालू असतो. साधारणीकरणात ‘हे कोणाचे?’ ही पृच्छा शमते; भयपटात ती जागी ठेवली जाते. ज्याला शास्त्राने रसविघ्न म्हटले, त्यालाच हा प्रकार साधन बनवतो.

यावरून भयपटात रसनिष्पत्ती होत नाही, असा निष्कर्ष घाईने काढता येईल. तो मला मान्य नाही. केवळ दचक्यांवर चालणाऱ्या चित्रपटात होत नाही हे खरे. तेथे प्रेक्षकाचे भय लौकिक भयच राहते आणि दिवे लागताच संपते. परंतु ‘दी इनोसंट्स’सारख्या चित्रपटात स्वामित्वाचा प्रश्न इतका ताणला जातो, की शेवटी तो त्या घराविषयीचा, त्या स्त्रीविषयीचा राहत नाही, पाहण्याविषयीचाच होतो. विशिष्ट भयाचे साधारण भयात रूपांतर येथेही होते, मात्र शमनाच्या वाटेने न होता अनिर्णयाच्या वाटेने होते. के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्शा’त रसांची मांडणी मानसशास्त्राच्या आधारे तपासून पाहिली, तशीच ती नव्या कलामाध्यमांच्या रचनेच्या आधारेही तपासावी लागेल, असे यावरून सुचवावेसे वाटते. भयानक रस हे चित्रपटावर चिकटवायचे लेबल म्हणून फारसे उपयोगाचे नाही. प्रश्न म्हणून मात्र ते अजून जिवंत आहे.

या विचाराचा उपयोग चित्रपटापुरता मर्यादित नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांचे वाचन आपल्याकडे प्रामुख्याने विषयाच्या अंगाने होते : अतिमानवी शक्ती आहे की मनोविकार, खुलासा आहे की नाही. त्याऐवजी वाक्यावाक्यातून कोण पाहत आहे, वर्णन कोणाच्या कानांनी केलेले आहे, आणि निवेदक कोणत्या क्षणी आपली जागा सोडतो, हे तपासले तर या लेखनाची बरीवाईट प्रतवारी विषयावरून न ठरता रचनेवरून ठरू लागेल. थांबलेल्या पावलांची शांतता भाषेत कशी लिहिली जाते, हा प्रश्न कथासमीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.